तीन मजले, तीन राउटर, नाव एकच: वर गेलं तरी फोन खालचाच सिग्नल धरून का बसतो?

जिना_३ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपुरात त्रिमूर्तीनगरला तीन मजली घर आहे. आरसीसी फ्रेम, ९ इंची भिंती, मधोमध उघडा जिना. तळमजल्यावर इंटरनेटवाल्यांचा ओएनटी (फायबर येऊन मिळतं तो डबा), पत्ता १९२.१६८.१.१. त्यातून दोन केबल वर गेल्या आहेत. पहिल्या मजल्यावर ड्युअल बँड राउटर आहे, केबल त्याच्या लॅन (घरातल्या जाळ्याच्या) पोर्टमध्ये. दुसऱ्या मजल्यावर तसाच एक, पण केबल वॅन (बाहेरून नेट घेणाऱ्या) पोर्टमध्ये. तिन्हीकडे वायफायचं नाव एक, पासवर्ड एक, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही चालू, चॅनल ऑटो, पॉवर फुल.

त्रास असा. खालून बोलत बोलत वर गेलं की व्हिडिओ कॉल १०-१५ सेकंद अडकतो. फोनवर एकच कांडी दिसते, म्हणजे खालचाच सिग्नल धरलेला असतो. वायफाय बंद करून चालू केलं की लगेच फुल. दुसऱ्या मजल्यावर लॅपटॉप कधीकधी कनेक्टेड दाखवतो पण नेट नसतं, तेव्हा त्याचा आयपी १९२.१६८.०.काहीतरी असतो. पहिल्या मजल्यावरचा प्रिंटर दुसऱ्या मजल्यावरून सापडत नाही.

विचारायचं हे की नावं वेगवेगळी ठेवू का? मेश किट घ्यावंच लागेल का? आणि सेटिंगमध्ये ८०२.११आर म्हणून एक खूण आहे, ती लावली तर फरक पडेल का?

तारजोड

भाऊ, यात दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी होऊन राहिल्या म्हणून गोंधळ वाटतो. एक आयपीची, दुसरी सिग्नलची. आयपीची आधी सोडवा, नाहीतर सिग्नलचं कितीही केलं तरी कॉल तुटतच राहील.

दुसऱ्या मजल्यावरची केबल वॅनमध्ये आहे, म्हणजे तो डबा अजून राउटर म्हणूनच काम करतो. त्याच्या पोटात १९२.१६८.०.x असं वेगळं नेटवर्क आहे. फोनला हे कळायला मार्ग नाही. नाव तेच, पासवर्ड तोच, तेव्हा नेटवर्कही तेच असं तो धरून चालतो आणि १९२.१६८.१.x हा जुना पत्ता घेऊन वर जातो. तिथे १९२.१६८.१.१ हा गेटवेच (नेटवर जायचा दरवाजा) त्याला मिळत नाही. नवा पत्ता मिळेपर्यंत कनेक्टेड दिसतं पण नेट नाही. नवा पत्ता मिळाला की जुन्या पत्त्यावर चाललेला कॉल तुटतो. प्रिंटर सापडत नाही तेही यामुळेच. प्रिंटर शोधण्याचे संदेश एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जात नाहीत.

वरचा डबा नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा, स्वतःचं वेगळं नेटवर्क नसलेला) करा. मुख्य केबल काढा, लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन पोर्टला लावा, १९२.१६८.०.१ उघडा. मेनूत अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर क्रम पाळा. आधी लॅनचा आयपी १९२.१६८.१.३ करा. डबा रीस्टार्ट होईल, लॅपटॉपची केबल काढून परत लावा म्हणजे त्याला नवा पत्ता मिळेल, मग १९२.१६८.१.३ वर लॉगिन करून डीएचसीपी सर्व्हर (आयपी पत्ते वाटणारा) बंद करा. डीएचसीपी आधी बंद केला तर पत्ता बदलल्यावर लॅपटॉपला आयपी हाताने घालत बसावं लागतं. शेवटी खालून आलेली केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये घाला. वॅन पोर्ट रिकामा राहू द्या.

पहिल्या मजल्यावर केबल लॅनमध्ये आहे हे ठीक, पण तिथला डीएचसीपी बंद केला होता का? चालू असेल तर एकाच लॅनवर दोन डीएचसीपी झाले. नव्या उपकरणाला ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता मिळतो, आणि पहिल्या मजल्यावरचा डबा गेटवे म्हणून स्वतःचाच पत्ता देतो. त्याच्या वॅनला काहीच लावलेलं नाही, मग नेट कुठून येणार? त्याला १९२.१६८.१.२ द्या, डीएचसीपी बंद करा. ओएनटीमध्ये डीएचसीपीची रेंज १९२.१६८.१.५० ते २०० ठेवा, म्हणजे २ आणि ३ हे पत्ते दुसऱ्या कोणाला जाणार नाहीत.

आणखी एक सांभाळा. प्रत्येक डब्याला खालून एकच केबल. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या डब्यांमध्ये जास्तीची केबल टाकली तर लूप होतो, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना जाणारे संदेश) फिरत राहतात आणि दोन-चार सेकंदांत अख्खं घर बंद पडतं. स्विचचे सगळे दिवे एका लयीत वेगाने लुकलुकायला लागले की हेच समजा.

झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरून कमांड प्रॉम्प्टमध्ये इंटरनेटवरच्या एखाद्या पत्त्यावर ट्रेसर्ट (डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड) चालवा. पहिली ओळ १९२.१६८.१.१ आली आणि १९२.१६८.०.१ कुठेच दिसला नाही की बरोबर.

गच्चीवरून

आयपीचं पटलं. पण सिग्नलसाठी इतका खटाटोप कशाला? तिन्ही मजल्यांना वेगळी नावं द्या, खाली, मधला, वरचा. ज्या मजल्यावर आहात तो निवडा. पॉवर फुल ठेवा म्हणजे कोपऱ्यात पण मिळेल. टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेरा हे जागचे हलत नाहीत, त्यांना तर हेच बरं पडतं.

सिग्नलसखी

न हलणाऱ्या वस्तूंपुरतं दादांचं म्हणणं बरोबर आहे. पण मूळ प्रश्न जिना चढताना कॉल अडकण्याचा आहे, आणि वेगळ्या नावांनी तो वाढतो.

नाव एकच असलं तरी प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटच्या प्रत्येक बँडला स्वतःचा वेगळा बीएसएसआयडी असतो, मॅक पत्त्यासारखा (उपकरणाच्या ओळख क्रमांकासारखा) १२ आकडी-अक्षरी. तुमच्या घरात तीन डबे, दोन बँड, म्हणजे सहा बीएसएसआयडी. फोनला हे सहाही एकाच नेटवर्कचे दरवाजे म्हणून दिसतात. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना तो आयपी सोडत नाही, चालू कनेक्शन तोडत नाही. नाव बदललं की फोनच्या लेखी ते दुसरंच नेटवर्क. जुनी सगळी कनेक्शन्स बंद होतात. वर आजकाल अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून प्रत्येक नावाला फोन वेगळा बनावट मॅक पत्ता वापरतो, त्यामुळे आयपीही वेगळा मिळतो आणि राउटरमध्ये एकच फोन तीन उपकरणं म्हणून दिसतो. शिवाय खालचं नाव जोवर थोडंफार मिळतंय तोवर बहुतेक फोन आपणहून वरच्या नावावर जात नाहीत. म्हणजे चिकटून बसण्याचा त्रास तसाच.

आता तो का चिकटतो ते. कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडायचं हे वायफायमध्ये फोन ठरवतो, राउटर नाही. मोबाइल टॉवरच्या उलट आहे हे. टॉवरच्या जाळ्यात नेटवर्क फोनला हलवतं, इथे फोन स्वतः हलतो. आणि जास्त चांगला सिग्नल दिसला एवढ्यावरून तो हलत नाही. आधी सध्याचा सिग्नल एका मर्यादेखाली गेला पाहिजे, तेव्हा कुठे तो दुसरा शोधायला लागतो. अ‍ॅपलने स्वतःचे आकडे छापलेले आहेत: आयफोन -७० डीबीएमपर्यंत (हे सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आहे ते कनेक्शन सोडत नाही, मॅक -७५ पर्यंत. त्याखाली गेल्यावरही नवा अ‍ॅक्सेस पॉइंट आयफोनला किमान ८ डीबीने चांगला दिसावा लागतो, डेटा चालू नसेल तर १२ डीबीने. मॅकला सरसकट १२. अँड्रॉइडमध्ये हे चिप आणि ड्रायव्हरवर अवलंबून असतं, पण रीत तीच.

मग पॉवर फुल ठेवली की काय होतं बघा. खालचा सिग्नल दुसऱ्या मजल्यावरसुद्धा -६८ ने पोचतो. फोनच्या हिशेबाने सगळं ठीक आहे, शोधायचं कारणच नाही. पण तो हिशेब एका बाजूचा आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट २० ते २३ डीबीएमने ओरडतो, फोनची ताकद सहसा १५ च्या आसपास किंवा त्याहून कमी. फोनला राउटर नीट ऐकू येतो, राउटरला फोन तुटक ऐकू येतो. कॉलमध्ये समोरच्याचं चित्र दिसत राहतं आणि तुमचा आवाज तिकडे जात नाही, ते यामुळे.

वायफाय बंद-चालू केल्यावर लगेच फुल येतं ना? तेव्हा फोनला कोणतंच कनेक्शन सांभाळायचं नसतं, म्हणून तो सरळ सगळ्यात चांगला पकडतो. तुमचे अ‍ॅक्सेस पॉइंट चांगले आहेत याचा हा पुरावाच समजा.

लहरलांबी

ताईंनी जे सांगितलं त्यावरून पुढचं काम ठरतं. फोनला हुकूम देता येत नाही, पण जिना चढताना योग्य जागी खालचा सिग्नल -७० च्या खाली जाईल आणि वरचा तोवर चांगला असेल, अशी मांडणी आपण करू शकतो. त्यासाठी आधी मोजा. मोजल्याशिवाय पॉवरला हात लावू नका.

अँड्रॉइडवर कोणतंही वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप चालेल, पण लोकेशन चालू हवं, आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग बंद करा. ते चालू असेल तर अ‍ॅपला २ मिनिटांत ४ च स्कॅन मिळतात आणि तुम्ही जुनेच आकडे बघत राहता. विंडोजवर "नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस" ही कमांड सध्याचा बीएसएसआयडी आणि चॅनल देते. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या खुणेवर क्लिक करा, सगळं दिसतं.

तीन जागी आकडे घ्या: प्रत्येक मजल्याचा मधला भाग, जिन्याचं प्रत्येक वळण, आणि जिथे बसून काम होतं ती खुर्ची. फोन हातात जसा धरता तसाच धरून. सहाही बीएसएसआयडी लिहून ठेवा, कोणता कुठला ते.

एक नागपुरी गोष्ट ध्यानात ठेवा. कूलर लागले आहेत का? खिडकीत बसवलेला कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याची पेटी, खाली पाण्याची टाकी, तिन्ही बाजूंना ओली ताटी. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी शोषतं. जानेवारीत अंगणातल्या कॅमेऱ्याला किंवा समोरच्या खोलीला खिडकीतून मिळणारा सिग्नल एप्रिलमध्ये तसा राहत नाही. राउटर कूलरच्या मागच्या फळीवर असेल तर तो आधी हलवा. मोजमाप कूलर लागल्यावरच घ्या, कठीण मोसमाचा आकडा धरला की वर्षभर निभतं.

जिना_३

तारजोड भाऊंनी सांगितल्याप्रमाणे केलं. पहिल्या मजल्यावरचा डीएचसीपी चालूच होता, तो बंद झाला. आता सगळीकडे १९२.१६८.१.x आहे, प्रिंटर दुसऱ्या मजल्यावरून सापडतो. कॉल मात्र अजूनही अडकतो, पण आता ५-६ सेकंद.

५ गिगाहर्ट्झचे आकडे असे. पहिल्या मजल्याच्या हॉलमध्ये खालचा -६४, मधला -५०. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी खालचा -६९, मधला -६१, वरचा -५३. २.४ वर खालचा दुसऱ्या मजल्यावरही -५८ येतो. तिघांचं २.४ चं चॅनल ऑटोने ६, ६ आणि ८ घेतलंय. ५ वर तिघेही ३६ वर, ८० मेगाहर्ट्झ. तळमजल्याचा ओएनटी जिन्याच्या अगदी खाली आहे. कूलर लागलेले आहेत, पण कोणताच राउटर त्यांच्या मागे नाही.

लहरलांबी

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. दुसऱ्या मजल्यावर वरचा -५३ आणि खालचा -६९, १६ डीबीचा फरक. तरी -६९ हा -७० च्या वर आहे म्हणून आयफोन हलणार नाही. २.४ वर तर -५८, तो कधीच हलणार नाही. उघडा जिना हा तुमच्या घरातला नळ आहे, ओएनटी त्याच्या तोंडाशी ठेवल्यामुळे सगळा सिग्नल त्यातून वर चढतो. स्लॅब एरवी चांगलं अडवतो, जिना ते अडवणं फुकट घालवतो.

पहिलं काम, ओएनटी जिन्यापासून बाजूला घ्या. फायबरची तार आखूड असेल तर ओएनटी तिथेच राहू द्या, त्याचं वायफाय बंद करा आणि केबलने एक वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट समोरच्या खोलीत लावा. ओएनटीच्या वायफायमध्ये पॉवर कमी करायची सोय बऱ्याचदा नसतेच, तेव्हा हा उपाय एकूणच सोयीचा. फायबर वाकवताना ३ सेंटिमीटरपेक्षा लहान वळण देऊ नका.

पॉवर. ५ गिगाहर्ट्झवर तिघांनाही ६ ते ८ डीबीने खाली आणा. सेटिंग टक्क्यांत असेल तर ५०% म्हणजे ३ डीबी कमी, २५% म्हणजे ६ डीबी कमी. फक्त लो, मीडियम, हाय असेल तर मीडियम करून परत मोजा. ८ ने कमी केल्यावर पहिल्या मजल्याच्या हॉलमध्ये खालचा -७२ होईल आणि मधला -५८. मर्यादा ओलांडली गेली, फरक १४ डीबी, फोन हलला. २.४ चा सिग्नल भिंतीतून जास्त लांब जातो, मोकळ्या हवेतही ५ पेक्षा साधारण ७ डीबीने पुढे असतो, म्हणून २.४ ची पॉवर ५ पेक्षा आणखी ६-७ डीबीने खाली ठेवा. तसं केलं नाही तर फोन जिन्यात ५ सोडून खालच्याच डब्याच्या २.४ वर उडी मारतो आणि तिथे बसून राहतो. एकाच नावाच्या घरात सगळ्यात जास्त दिसणारी खोट हीच आहे, आणि लोक तिला फोनचा दोष समजतात.

कमी करताना कामाच्या खुर्चीवर आपल्या मजल्याचा सिग्नल -६५ च्या आत राहिला पाहिजे. तो त्याखाली गेला तर पॉवर वाढवू नका, डबा हलवा.

चॅनल. २.४ वर २० मेगाहर्ट्झ रुंदी पक्की करा आणि १, ६, ११ असे तीन मजल्यांना वाटून द्या. ८ हे ६ आणि ११ दोघांनाही घासतं, दोन्हीकडे नुकसान. ५ वर तिघेही ३६ वर असल्यामुळे तिन्ही मजले एकच वेळ वाटून घेतात, एक बोलला की बाकी दोघे थांबतात. ८० मेगाहर्ट्झ ठेवलं तर रडारच्या पट्ट्याबाहेर दोनच जागा मिळतात, ३६ आणि १४९. म्हणून ४० वर या आणि खाली ३६, मध्ये १४९, वर ४४ द्या. शेजारशेजारचे मजले दूर राहतील. वेग आकड्यात कमी दिसेल, पण १०० किंवा २०० एमबीपीएसच्या प्लॅनला ४० मेगाहर्ट्झ पुरतं.

भारतात ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ ही चॅनलंही २०१८ पासून लायसन्सविना खुली आहेत, पण तिथे रडार दिसलं की अ‍ॅक्सेस पॉइंटला चॅनल सोडावंच लागतं, आणि नव्या चॅनलवर बोलण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. आपल्या कामासाठी त्याहून मोठी अडचण म्हणजे फोनला त्या चॅनलवर आपणहून हाक मारता येत नाही, बीकनची (अ‍ॅक्सेस पॉइंट आपलं नाव सांगतो त्या हाकेची) वाट बघावी लागते. बीकन १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा येतो. अशी १६ चॅनलं ऐकायची म्हटलं तर दीड सेकंदाहून जास्त वेळ नुसता शोधण्यात जातो. घरात फिरताना कॉल चालायला हवा असेल तर रडारवाली चॅनलं टाळा. सोनेगाव किंवा वर्धा रोडकडे विमानतळाच्या जवळ राहणाऱ्यांनी आपल्या राउटरच्या लॉगमध्ये रडार डिटेक्टेड अशा नोंदी आहेत का तेही बघावं.

किमान वेग. २.४ वर १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने वेग बंद करता येत असतील तर करा, किमान ६ किंवा १२ ठेवा. १ एमबीपीएसवर ३०० बाइटचा एक बीकन अडीच मिलिसेकंद हवा अडवतो, म्हणजे प्रत्येक नावामागे चॅनलचा जवळपास २.५% वेळ फक्त नाव सांगण्यात जातो. एकाच चॅनलवर तीन डबे आणि दोन-दोन नावं असली की १५% गेलाच. १२ वर हा खर्च नगण्य होतो, आणि कडेला रेंगाळणारा फोनही लवकर सोडतो.

गच्चीवरून

पॉवर कमी करायची हे पहिल्यांदा वाचताना उलटं वाटलं, पण -६९ वाला हिशेब पटला. एक शंका. काही अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये मिनिमम आरएसएसआय म्हणून सेटिंग असतं, सिग्नल कमी झाला की फोनला हाकलून देतं. ते सरळ -७० वर ठेवलं तर पॉवरची कटकटच नको ना?

सिग्नलसखी

नका ठेवू -७० वर. तो आकडा फोनला काय ऐकू येतं त्याचा नसतो, अ‍ॅक्सेस पॉइंटला फोन कसा ऐकू येतो त्याचा असतो, आणि फोनची ताकद कमी असल्याने तो सहसा ५ ते १० डीबीने खालीच असतो. -७० ठेवलं तर शेजारच्या खोलीतला फोनही हाकलला जाईल. फोनला दुसरं कोणी जवळ दिसलं नाही तर तो परत तिथेच येतो, परत हाकलला जातो, आणि ही फेरी चालूच राहते. काही फोन अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर त्या बीएसएसआयडीला थोडा वेळ काळ्या यादीत टाकतात, मग तर खाली आल्यावरही जोडत नाहीत. वापरायचंच असेल तर -८० ते -८२, आणि पॉवर-चॅनलचं काम आधी पूर्ण करून.

आता ८०२.११आर. के, व्ही आणि आर ही तीन वेगळी कामं आहेत आणि लोक तिघांना एकत्र घेतात. के मुळे अ‍ॅक्सेस पॉइंट फोनला शेजारच्यांची यादी देतो, अमुक बीएसएसआयडी अमुक चॅनलवर. फोन सगळी चॅनलं चाळण्याऐवजी दोन-तीनच बघतो. व्ही मुळे अ‍ॅक्सेस पॉइंट सुचवतो की तिकडे जा. सूचना आहे, फोन नाकारू शकतो. आर मुळे नव्या अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडताना किल्लीची बोलणी आधीच्या देवाणघेवाणीत मिसळतात, आठ फ्रेमच्या जागी चार.

घरात साधा पासवर्ड असेल तर त्या आठ फ्रेमना काही दहा मिलिसेकंद लागतात, कानाला कळतही नाही. ऑफिसात रेडियस सर्व्हरवरून (प्रत्येकाची ओळख तपासणाऱ्या) लॉगिन असेल तेव्हा तीच गोष्ट अर्धा सेकंद किंवा जास्त होते, तिथे आर खरा उपयोगी. तुमचा वेळ शोधण्यात जातो, जोडण्यात नाही. म्हणून तिन्ही डब्यांत के आणि व्ही असतील तर लावा, आर मागाहून.

आर लावायचाच झाला तर तिन्ही डब्यांचा मोबिलिटी डोमेन एकच हवा आणि किल्ल्यांचा मेळ बसायला हवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्यांमध्ये ते सहसा जमत नाही, एकाच्या आरवर खूण करून काही होत नाही. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरमध्ये टाकायचं मुक्त सॉफ्टवेअर) टाकता येत असेल तर जमतं. तिथे चार आकडी मोबिलिटी डोमेन तिन्हीकडे सारखा घाला आणि किल्ली जागीच तयार करण्याचा पर्याय निवडा, मग डब्यांना एकमेकांशी किल्ल्या वाटाव्या लागत नाहीत. जुने प्रिंटर आणि स्मार्ट बल्ब आर चालू असलेल्या नावाला जोडेनासे होतात, हे आधीच धरून चाला.

सुरक्षेचा प्रकार तिन्हीकडे अक्षरशः सारखा ठेवा. एकीकडे नुसतं डब्ल्यूपीए२ आणि दुसरीकडे डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र असेल तर काही फोन त्यांना दोन वेगळी नेटवर्कं समजतात. टीकेआयपी (जुनी सुरक्षेची पद्धत) कुठेही नको, त्याने वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो.

विंडोज लॅपटॉपमध्ये इंटेलचं कार्ड असेल तर डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस (एका डब्यावरून दुसऱ्यावर जायची घाई) ३ वर असतं, ४ करा. ५ केलं तर एका जागी बसूनही दोन मजल्यांमध्ये उड्या मारत राहतो.

तारजोड

मेशचं राहिलंच. केबल आधीच टाकलेली आहे, तेव्हा मेश किटची गरज नाही. मेशमध्येही हलायचं की नाही हे फोनच ठरवतो, फक्त के-व्हीची जुळवाजुळव आणि चॅनलची वाटणी आपोआप होते. बिनकेबलचा मेश स्लॅबमधून बोलायला लागला की अर्धा वेग त्यातच जातो. पुढेमागे घेतलाच तर केबलवरच चालवा, आणि केबल लागल्यावर वायरलेस बॅकहॉल (डब्यांमधला बिनतारी दुवा) आपोआप बंद होतो की नाही ते बघा. नाही झाला तर मी वर म्हटलेला लूप तिथेही होतो.

खाली वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचा ठरला तर केबल बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) घेताना कॅट ६, अस्सल तांब्याची मागा. कॉपर कोटेड अ‍ॅल्युमिनियमची केबल निम्म्या भावात मिळते. तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ती अ‍ॅल्युमिनियम. पीओईवर (नेटच्या केबलमधूनच वीज) डबा चालवायचा असेल तर अशा केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि डबा लोड आला की रीस्टार्ट होतो. मग वाटतं फोन रोमिंग करताना अडकला, प्रत्यक्षात डबाच बंद होऊन चालू झालेला असतो. पीओई ८०२.३एएफ असेल तर स्विचकडून १५.४ वॉट निघतात, डब्याला १२.९५ मिळतात. डब्याच्या मागे काय लिहिलंय ते वाचा. २४ व्होल्टच्या पॅसिव्ह इंजेक्टरवर भलताच डबा लावू नका, जळतो.

जिन्याच्या वर टिनाच्या शेडखाली डबा लावायचा मोह होतो, कारण तिथून सगळीकडे पोचतं. घरातल्या डब्यांची मर्यादा बहुतेक ४० अंशांची असते, मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ च्या वर जातं, टिनाखाली तर विचारू नका. दुपारी १ ते ५ मध्येच वेग पडत असेल किंवा डबा बंद पडत असेल तर आधी त्याला हात लावून बघा.

लाइट जाते तेव्हाचंही बघून घ्या. ओएनटी इन्व्हर्टरवर आणि वरचे डबे साध्या लाइनवर असतील तर लाइट गेल्याबरोबर सगळे फोन खालच्याला चिकटतात आणि लाइट आल्यावरही तिथेच राहतात. तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर खाली एक पीओई स्विच यूपीएसवर ठेवून वरच्यांना केबलमधूनच वीज द्या.

जिना_३

ओएनटीचं वायफाय बंद केलं. घरात एक जुना ड्युअल बँड पडून होता, तो समोरच्या खोलीत अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला, पत्ता १९२.१६८.१.४. चॅनल सांगितल्याप्रमाणे, ५ ची पॉवर २५%, २.४ ची सगळ्यात खालची. आता पहिल्या मजल्याच्या हॉलमध्ये खालचा -७६, मधला -५७. फोन पहिल्या वळणाच्या पुढे आपणहून मधला घेतो. दोन गोष्टी उरल्या. कॉल अडकतो का ते नेमकं कसं तपासू? आणि प्रिंटर व पंपाचा टायमर मधल्या मजल्याला सोडून कधीकधी खालच्याला जाऊन बसतात.

लहरलांबी

लॅपटॉपवर "पिंग -टी १९२.१६८.१.१" चालू करून रोजच्या चालीने जिना चढा-उतरा. इंटरनेटवरचा पत्ता पिंग करू नका, लाइनचा दोष वायफायवर जातो. एखादं उत्तर हुकलं तर ठीक. विंडोज एका उत्तरासाठी ४ सेकंद थांबतो, त्यामुळे सलग दोन हुकले म्हणजे किमान चार सेकंदांचा खंड, तेव्हा त्या वळणावर परत मोजा. खालचा -७० ओलांडायच्या आत मधला -६५ च्या वर मिळायला हवा. मिळत नसेल तर मधला डबा जिन्याकडे दोन-तीन फूट सरकवा, पॉवर वाढवू नका.

सिग्नलसखी

प्रिंटर आणि टायमरसाठी फक्त मधल्या डब्यावर, फक्त २.४ वर, दुसरं नाव काढा. डब्ल्यूपीए२ ठेवा, आर बंद, गेस्ट नेटवर्कचा पर्याय वापरू नका. गेस्टमध्ये उपकरणं एकमेकांपासून तोडलेली असतात, प्रिंटर परत सापडेनासा होईल. एपी आयसोलेशन नावाची खूण असेल तर तीही काढलेली हवी. त्या नावाचा पासवर्ड फोनमध्ये घालूच नका. प्रिंटरचा मॅक पत्ता ओएनटीच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये टाकून त्याला कायमचा एक पत्ता द्या, आणि लॅपटॉपमधला जुना प्रिंटर काढून त्या पत्त्यावर नव्याने जोडा.